कॉलेजच्या ग्रुपचा समतेचा वचननामा: लिहायचा कसा आणि पाळायचा कसा

वचननामा लिहायला बसायच्या आधी ग्रुपची मागच्या दोन-तीन वर्षांची यादी काढा. कोण कोण होतं, कुणाकडे कुठलं पद होतं आणि मधेच यायचं कुणी बंद केलं. नाटकाचा ग्रुप असो, क्विझ क्लब असो, सामाजिक काम करणारा ग्रुप असो नाहीतर फेस्टची टीम, पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत एकच चित्र दिसतं, अध्यक्ष, सेक्रेटरी, स्टेजवर माइक धरणारे हे ठरावीक शाळांमधून आलेले आणि खुर्च्या लावणं, बॅनर बांधणं, रात्री टेम्पोबरोबर जाणं हे सगळं होस्टेलवर राहणाऱ्या, बीड-नांदेड-नंदुरबारकडून आलेल्या पोरांकडे. कुणी मीटिंग घेऊन तसं ठरवलेलं नसतं, पण वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं. आणि जे सोडून गेले त्यांची नावं एकाखाली एक लिहिलीत की तुमच्या वचननाम्यात काय यायला हवं ते निम्मं तिथेच कळतं.

मग त्या लोकांशी बोला. अध्यक्षाने फोन करू नये, ज्याचं त्यांच्याशी बरं होतं त्याने करावा, आणि ग्रुपमध्ये परत ये म्हणून गळ घालायला नाही, फक्त ऐकायला. विचारायचं एवढंच की इथे आपलं काही काम नाही असं पहिल्यांदा कधी वाटलं, आणि काय असतं तर थांबला असतास. ऐकताना "अरे पण त्याचा तसा उद्देश नव्हता" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, कारण ते म्हटलं की समोरचा "जाऊ दे ना, सोड" म्हणतो आणि विषय संपतो. आमच्या ग्रुपमध्ये हे केलं तेव्हा थेट शिवीगाळीबद्दल कमी आणि पैशांबद्दल, मीटिंगच्या वेळांबद्दल आणि बोलण्याच्या पद्धतीवरून हसण्याबद्दल जास्त बोललं गेलं.

एक गोष्ट मात्र करू नका, गूगल फॉर्म काढून जात, धर्म, डिपार्टमेंट, वर्ष असं सगळं विचारू नका. तीस-चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये "सेकंड इयर, केमिस्ट्री, एसटी" एवढं लिहिलं की तो माणूस कोण ते सगळ्यांना कळतं, नाव न घेताही. ज्याला सांगायचं तो सांगेल, नाही सांगायचं तर तो त्याचा हक्क आहे. आडनाव विचारणं, "सीईटीला किती होते रे तुला" किंवा "कुठल्या राउंडला अॅडमिशन झाली" विचारणं, हे सगळं जात विचारणंच असतं आणि ज्याला विचारलं जातं त्याला ते बरोबर कळतं. हे न विचारणं ही वचननाम्यातली पहिली ओळ झाली तरी चालेल.

जात लिहा, वंश लिहा, नुसतं "सर्वांना समान वागणूक" लिहू नका

ड्राफ्ट लिहिताना हमखास कुणीतरी म्हणतं की रेसिझम हा अमेरिकेचा विषय आहे, आपल्याकडे कशाला, आणि दुसरा कुणीतरी म्हणतो की जात आता राहिली कुठे. दोघांशीही शांतपणे बोला, पण त्यांच्यासाठी शब्द पुसट करू नका. या शहरात तर नाहीच नाही. ज्योतिराव फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी हे पुस्तक काढलं तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी काळ्या लोकांना गुलामीतून सोडवायला झीज सोसली, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली, म्हणजे गंज पेठेत राहणाऱ्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी हे दोन्ही एकाच प्रकारचे अन्याय आहेत हे दिसत होतं. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यातच सत्यशोधक समाज सुरू झाला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळ्या लोकांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, आणि अस्पृश्यांची आणि तिथल्या काळ्या लोकांची स्थिती किती मिळतीजुळती आहे ते त्यात सांगितलं. आणि विद्यार्थ्यांनी हे लिहायचं का असं कुणी म्हणत असेल तर मुक्ता साळवे आठवा, फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास, तिने १८५५ साली महार-मांगांच्या हालांवर निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. पुण्यातल्या विद्यार्थिनीने लिहिलेला हा मजकूर आहे, आणि त्यात तिने कुठेही शब्द मऊ केलेले नाहीत.

तेव्हा तुमच्या कॅम्पसवर प्रत्यक्ष जे घडतं ते नाव घेऊन लिहा. मणिपूर, नागालँड, मिझोरामच्या मुलामुलींना चिंकी म्हणणं, मोमो म्हणणं, चिनी समजून बोलणं. सुदान, नायजेरिया, टांझानियाच्या विद्यार्थ्यांना कालू-हबशी म्हणणं, ड्रग्जवरून शेरे मारणं, न विचारता त्यांच्या केसांना हात लावणं, त्यांच्यासोबत सेल्फी काढणं. काश्मिरी मुलाला बातम्यांमध्ये काही झालं की "तुमचं काय म्हणणं" विचारणं. "सरकारचे जावई", "कोट्यातला". पारधी समाजातल्या मुलाच्या बाबतीत काही हरवलं की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळणं. ही यादी वाचायला त्रास होतो, मान्य, पण ज्याला हे रोज ऐकावं लागतं त्याला "भेदभाव सहन केला जाणार नाही" या वाक्यातून काहीच मिळत नाही कारण ते बोलणाऱ्याला वाटतच नाही की हे वाक्य आपल्याबद्दल आहे. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलचा निडो तानिया हा विद्यार्थी दुकानात त्याच्या केसांवरून-दिसण्यावरून झालेल्या चिडवण्यातून वाद होऊन मारहाणीत गेला, त्यानंतर केंद्राने ईशान्येकडच्या लोकांचे प्रश्न बघायला बेझबरुआ समिती नेमली. सुरुवात चिडवण्यापासूनच झाली होती.

ओळ कशी लिहायची

प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात, काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत आणि पैसे लागणार असतील तर ते कुठून. ज्या ओळीत हे लिहिता येत नाही ती ओळ अजून तयार नाही, ती बाजूला ठेवा. "आम्ही सर्वसमावेशक वातावरणासाठी कटिबद्ध आहोत" यात कुणालाच काही करावं लागत नाही. त्याऐवजी "ट्रिपची वर्गणी तीन हप्त्यांत घेऊ, कुणी भरू शकत नसेल तर खजिनदाराला एक मेसेज पुरे, कारण विचारलं जाणार नाही, ती रक्कम फेस्टच्या स्पॉन्सरशिपमधून बाजूला काढलेल्या फंडातून जाईल, आणि फंड ऑगस्टच्या आत वेगळा काढला जाईल" हे लिहिलं तर कोण चुकलं ते विचारता येतं.

पैशांवर जरा थांबतो कारण माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात आणि कुणी बोलत नाही. ग्रुपचा टी-शर्ट, फ्रेशर्स पार्टी, कॉस्च्युमचं भाडं, स्पर्धेला बाहेरगावी जाणं, हे सगळं मिळून वर्षाला चांगली रक्कम होते. स्कॉलरशिपवर शिकणाऱ्या पोराचे महाडीबीटीचे पैसे कधी जमा होतील त्याचा भरवसा नसतो, कधी वर्ष संपून जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "आत्ता तू खर्च कर, बिल दे, नंतर देतो" ही पद्धत. ज्याच्या जीपेमध्ये चारशे रुपये आहेत तो प्रॉप्स आणायला जाऊच शकत नाही, मग तो प्रॉडक्शन हेड होत नाही, मग पुढच्या वर्षी सेक्रेटरीही होत नाही, आणि सगळे म्हणतात की तो पुढे येत नाही. यावर उपाय सोपा आहे, खरेदीला जाणाऱ्याच्या हातात आधी पैसे द्या, हिशोब नंतर घ्या. कमवा आणि शिका योजनेत काम करणारी मुलं असतील तर त्यांच्या कामाच्या तासांत तालीम लावू नका, त्यांचे ते तास बुडाले की पैसे बुडतात.

वेळ आणि जागा याचं पण तसंच. एफसी रोडच्या कॅफेत रात्री आठला मीटिंग ठेवली की सरकारी होस्टेलच्या मुली आल्या नाहीत, वाघोली-हडपसरहून पीएमटीने येणारे आले नाहीत, दौंडहून लोकलने जाणारे आले नाहीत, आणि आलेल्यांपैकी दोघांनी पाण्यावर वेळ काढली कारण कॉफी दोनशेची. कॅम्पसवर, कट्ट्यावर, लेक्चर संपल्या संपल्या मीटिंग घ्या. जिन्यावरून जावं लागेल अशी खोली असेल तर व्हीलचेअर वापरणाऱ्या, कुबड्या घेऊन चालणाऱ्या मित्राला आधी विचारा, त्याच्यासाठी ऐनवेळी चौघांनी उचलून नेणं हा मार्ग नाही.

भाषा. पुण्यात नाटकाच्या ग्रुपमध्ये ऑडिशनला "पानी" म्हटलं की मागून हसतात, आणि ज्याच्यावर हसले तो परत ऑडिशनला येत नाही. वचननाम्यात लिहा की उच्चारावरून भूमिका नाकारली जाणार नाही, भूमिकेला विशिष्ट बोली लागणार असेल तर ती सगळ्यांना शिकवली जाईल, अगदी शिवाजीनगरच्या मुलाला मराठवाड्याची बोली शिकावी लागली तरी. दुसऱ्या टोकाला सगळं इंग्लिशमध्ये चालवणारे क्लब आहेत, तिथे जालन्याहून आलेली हुशार मुलगी वर्षभर गप्प बसते. आणि मराठीतच चालणाऱ्या ग्रुपमध्ये इम्फाळचा मुलगा हसणाऱ्यांसोबत हसतो, काय चाललंय ते त्याला कळत नसतं. दर मीटिंगला एकाने पाच मिनिटांत दुसऱ्या भाषेत सारांश सांगायचा, ते काम आळीपाळीने सगळ्यांकडे, आणि व्हॉट्सअॅपवर निर्णय दोन भाषांत. एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

स्किट आणि मीम्सचा नियम वेगळा लिहा. चेहरा काळा रंगवून आफ्रिकन पात्र, भय्याचा आवाज, कामवाली बाई म्हणून ठरावीक बोलीतली बाई, हे अजून होतं. स्क्रिप्ट तालमीच्या आधी सगळ्यांसमोर वाचली गेली पाहिजे आणि "यावर हसू आणण्यासाठी कुणाला छोटं केलंय" हा प्रश्न तिथे विचारायचा, प्रयोगाच्या आदल्या रात्री विचारून काही होत नाही.

कॅलेंडर काढून बसा. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, १ जानेवारी, ईद, ख्रिसमस या दिवशी सक्तीची तालीम, फायनल राउंड नको. गणपती-दिवाळीला आपण आपोआप सुट्टी धरतो, मग १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या विजयस्तंभाला जाणाऱ्या मुलाला "नेमकं आजच कसं काय" विचारलं जाऊ नये.

जेवणाबद्दल थोडक्यात, ऑर्डर देताना व्हेज-नॉनव्हेज दोन्ही, आणि कुणाच्या डब्याच्या वासावर शेरा नाही.

खोली शोधताना सोबत

हे वचननाम्यात कुणी घालत नाही पण माझं म्हणणं आहे घाला. पुण्यात खोली शोधताना आडनाव, धर्म, "नॉनव्हेज खाता का", "कुठल्या देशाचे", "नॉर्थ-ईस्टचे नको, पार्ट्या करतात" हे सगळं होतं आणि नव्या शहरात एकट्याने ते ऐकणं फार जड जातं. ग्रुपने एवढं करावं, जूनपासून ऑगस्टपर्यंत दोन सीनियर ठरवून ठेवावेत जे खोली बघायला सोबत जातील, आणि ज्या घरमालकांनी आधीच्या बॅचच्या विद्यार्थ्यांना नीट वागवलं त्यांची एक यादी पुढच्या बॅचला द्यावी, अर्थात त्या घरमालकांना विचारूनच. परदेशी विद्यार्थ्याला बरेच मालक नाही म्हणतात ते पोलिसांच्या कागदांच्या भीतीने, तर त्यांना सांगायचं की परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती देणारा फॉर्म (फॉर्म सी म्हणून ओळखला जाणारा) ऑनलाइन भरता येतो, भाडेकरू आल्यावर २४ तासांत भरायचा असतो, आणि भरायला आम्ही मदत करतो. कधी कधी तेवढ्यावर दार उघडतं. ज्याला रंगामुळेच नको असतं त्याच्यासमोर हे चालत नाही, पण तेव्हाही सोबत कुणीतरी असलं की पोरगं परत जाताना एकटं नसतं.

तक्रार आली तर

हा भाग लिहिल्याशिवाय बाकीचं छापू नका. तक्रार घ्यायला दोन जण नेमा, एकाच मित्रमंडळातले नकोत, दोघांपैकी कुणीही अध्यक्ष नको, आणि तक्रार त्या दोघांपैकी एकावर असेल तर कुणाकडे जायचं त्या तिसऱ्याचं नावही आधीच लिहा. तक्रार आल्यापासून दोन दिवसांत उत्तर. काय झालं ते सांगणाऱ्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ-जागा टाकून लिहून घ्या, त्याला वाचून दाखवा, स्क्रीनशॉट त्याच्याकडे आणि तुमच्याकडे दोन्हीकडे ठेवा.

दोघांना समोरासमोर बसवून "मिटवून टाकू" हा प्रकार अजिबात नको. ज्याचा अपमान झाला त्याला सगळ्यांसमोर माफ करायला लावणं हा दुसरा अपमान असतो. आणि तक्रार केल्यावर त्याला रोलमधून काढणं, ग्रुपवरून रिमूव्ह करणं, पार्टीला न बोलावणं, यातलं काहीही झालं तर ती वेगळी तक्रार धरली जाईल असं लिहून ठेवा.

ग्रुपच्या हातात काय आहे ते ओळखा. पदावरून काढणं, स्पर्धेतून वगळणं, जाहीर माफी, हे तुम्ही करू शकता. पण चौकशी आणि शिक्षा हे तुमचं काम नाही, त्यासाठी रस्ते आहेत आणि ते तुम्हाला पाठ पाहिजेत. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून रंग, वंश, धर्म, जात, भाषा, जन्मस्थान, आर्थिक परिस्थिती, लैंगिक कल यांवरून विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक त्रास देणं, वाळीत टाकणं हे रॅगिंगमध्ये येतं, फक्त फर्स्ट इयरच्या मुलांपुरतं नाही. म्हणजे कुणाला चिंकी म्हणून छळत असतील तर कॉलेजच्या अँटी-रॅगिंग कमिटीकडे जाता येतं, नाहीतर १८००-१८०-५५२२ ही देशाची हेल्पलाइन आहे, चोवीस तास. यूजीसीच्या २०१२ च्या समतेच्या नियमांप्रमाणे कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. ऑफिसात जाऊन नाव विचारा, नोटीस बोर्डवर आहे का बघा, नसेल तर लेखी अर्ज करा आणि इनवर्ड नंबर घ्या. हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला २०१६ मध्ये आत्महत्येने गेला, मुंबईत पुढचं शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये, दोन्ही वेळी जातीवरून छळ झाल्याचे आरोप झाले, आणि त्यांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, याच नियमांची नीट अंमलबजावणी व्हावी म्हणून सुप्रीम कोर्टात गेल्या. त्या दोघींनी कोर्टापर्यंत नेलेली गोष्ट आपल्या कॉलेजात फक्त एक अर्ज लिहून विचारता येते, तेवढं आपण करायलाच हवं.

लैंगिक छळ असेल तर अंतर्गत तक्रार समिती. दलित किंवा आदिवासी विद्यार्थ्याचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल तर अॅट्रॉसिटी कायदा आहे, १९८९ चा, आणि एफआयआर नोंदवायला आधी प्राथमिक चौकशी लागत नाही असं २०१८ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे. पण यातला कुठला रस्ता घ्यायचा, की कुठलाच नाही, हे ज्याच्यावर बेतलं तो ठरवणार. तुम्ही रस्ते सांगायचे, सोबत जायचं, पोलीस स्टेशनच्या बाकावर रात्र झाली तरी बसायचं, त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा नाही, आणि "कॉलेजचं नाव खराब होईल" हे तर म्हणायचंच नाही.

काम कुणी करायचं

वचननामा झाला की पुढचं सगळं काम ग्रुपमधल्या एकुलत्या दलित मुलाकडे, एकुलत्या मुस्लिम मुलीकडे ढकललं जातं. १४ एप्रिलला भाषण त्याने, हिजाबवर चर्चा झाली की उत्तर तिने. तसं करू नका. त्याला प्रकाशयोजना करायची असेल, तिला बजेट बघायचं असेल, ते करू द्या. वाचन बाकीच्यांनी करावं, तक्रारीचं रजिस्टर बाकीच्यांनी सांभाळावं. ज्याला बोलायचंय त्याला मोकळीक, न बोलण्याचीही मोकळीक.

नव्या बॅचला घेऊन एक रविवार सकाळी बुधवार पेठेत भिडे वाड्याच्या जागेपासून गंज पेठेतल्या फुले वाड्यापर्यंत चालत जा, मराठी न येणाऱ्यांना हिंदीत सांगत सांगत. १८४८ ची मुलींची शाळा कुठे भरली आणि १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो कुठे, हे पायाखालून गेलं की मीटिंगमधली निम्मी वादावादी तशीही कमी होते. हौद बघताना विचार करायला लावणारी गोष्ट ही की फुल्यांनी नुसतं पत्रक काढलं नाही, आपल्या घरचं पाणी दिलं.

देशात कुठे काही घडलं की इन्स्टावर ग्रुपच्या नावाने स्टेटमेंट टाकायचं का हा प्रश्न दर वर्षी येतो. माझं मत, टाका, पण त्याच पोस्टमध्ये आपण आपल्या कॅम्पसवर या महिन्यात काय करणार ते एक वाक्य असलंच पाहिजे. ते सुचत नसेल तर थांबा, आधी तुमच्या इथल्या त्या त्या विद्यार्थ्यांना फोन करून बरे आहात का विचारा.

बॅच बदलली तरी टिकलं पाहिजे

विद्यार्थ्यांच्या संघटनेची अडचण ही की दर वर्षी माणसं बदलतात, थर्ड इयरवाले गेले की फाइल कुठल्यातरी ड्राइव्हवर राहते आणि पासवर्ड कुणाला माहीत नसतो. म्हणून वचननामा ग्रुपच्या घटनेत घाला, नियम असा की नवी कमिटी पहिल्या मीटिंगला तो मोठ्याने वाचेल, हवे ते बदल मतदानाने करेल आणि मग सह्या करेल, सही केल्याशिवाय बँकेचे, ड्राइव्हचे, इन्स्टाचे अधिकार हातात येणार नाहीत. दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा आणि मार्चमध्ये एकदा, सगळ्या सदस्यांसमोर ओळ वाचायची आणि म्हणायचं, झालं, अर्धं झालं, झालं नाही. झालं नाही म्हणायला लाजू नका, पण मग नवी तारीख आणि नवं नाव तिथेच लिहा. खजिनदाराने वर्गणी फंडातून किती गेले ते आकड्यात सांगावं, कुणाला गेले ते कधीच सांगू नये. तक्रारींचा आकडा सांगा, तपशील नाही. आकडा शून्य आला तर खूश व्हायच्या आधी तपासा की तक्रार कुठे करायची ते फर्स्ट इयरच्या पोरांना माहीत आहे का, दहा जणांना उभं करून विचारा.

प्राध्यापक कुणी म्हणाले की कॉलेजात राजकारण नको, तर यूजीसीचे ते दोन नियम प्रिंट काढून सोबत ठेवा आणि सांगा की सर, हे कॉलेजने करायचंच आहे, आम्ही आमच्या ग्रुपपुरतं करतोय. विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे एक प्रत द्या, पोच घ्या. पहिला ड्राफ्ट एका पानाच्या वर जाऊ देऊ नका, सात-आठ ओळी पुरतात, पण त्या प्रत्येक ओळीसमोर नाव आणि तारीख असू द्या, आणि ती प्रत तालमीच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला लावा, मराठीत, हिंदीत आणि इंग्लिशमध्ये, तक्रार घेणाऱ्या दोघांच्या नंबरसकट.